अठरा इंचांवरचा काटा

देवदत्तराव खांबेट्यांनी पोटॅशच्या खाणीत सत्तावीस वर्षं मापक यंत्रं सांभाळली आणि एकही आकडा कधी खोटा लिहिला नाही. रिटायर झाल्यावर कॅनडातल्या सस्काटून शहराबाहेरच्या घरात त्यांनी लाकडाची शेगडी बसवली, आणि तिच्या काळ्या धुराड्यावर, शेगडीपासून बरोबर अठरा इंचांवर, चुंबकाचा थर्मामीटर चिकटवला. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपायचा अवकाश, की कुणाला तरी कोपऱ्यात गाठून ते सांगायचे, "काटा अडीचशेच्या खाली गेला की आत धुराचं डांबर धरतं. मग एक ठिणगी पुरे, छप्परच जातं." लोक प्रसाद घेऊन काढता पाय घेत.

त्यांच्या पत्नी सुरेखाबाई मात्र ऐकत. देवदत्तराव लाकडं आणायला गेले की त्याच आकडा वहीत टिपून ठेवत.

२००८च्या हिवाळ्यात सुरेखाबाईंचा कॅन्सर हाडांत उतरला. बाहेर उणे पस्तीस, म्हणून त्यांची खाट शेगडीजवळ आणली. पण मोठी आच त्यांना सोसेना, जीव गुदमरे. दुसऱ्या खोलीत हलवावं, तर प्रत्येक धक्क्याला कळ उठे. शेवटी देवदत्तरावांनी शेगडीची हवा कमी केली आणि विस्तव नुसता धुमसत ठेवला. काटा दोनशेवर आला.

"अहो, काटा खाली गेलाय," सुरेखाबाई खाटेवरून म्हणाल्या. "आच मोठी करा. मला तासभर आत नेऊन ठेवा."

"नको. काल काय हाल झाले तुझे!"

"माझ्यापायी घर जाळाल."

दुपारी औषधाने त्यांचा डोळा लागला, तेव्हा देवदत्तरावांनी थर्मामीटर सहा इंच खाली सरकवला. शेगडीजवळ तो जास्त तापला आणि काटा तीनशेवर गेला.

"बघ, आता ठीक आहे," सुरेखाबाई जाग्या झाल्यावर त्यांनी दाखवलं. त्या "हं" म्हणाल्या.

जन्मभर खरेपणाची टिमकी वाजवलेल्या माणसाला स्वतःची भयंकर लाज वाटली. सोफ्यामागे त्यांनी आग विझवायचा सिलिंडर आणून ठेवला. दिवसातून दहादा ते बर्फात उभे राहून धुराड्याचं तोंड बघत. सुरेखाबाईंच्या खाटेजवळची वही मात्र त्यांनी उघडली नाही. तिच्या हातून लिहिले गेलेले खोटे आकडे त्यांना बघवले नसते.

फेब्रुवारीत सुरेखाबाई गेल्या.

एप्रिलमध्ये धुराडं साफ करणारा ग्लेन आला. त्याने बादलीभर काळं डांबर खरवडून काढलं. "यू गॉट लकी, देव," तो म्हणाला. "हू पुट द थर्मामीटर डाउन हिअर?"

"आय डिड," देवदत्तराव म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी टेपने मोजून थर्मामीटर पुन्हा अठरा इंचांवर लावला. शेगडी चांगली पेटवली आणि आकडा टिपायला खाटेजवळची वही घेतली.

शेवटचे सहा आठवडे सुरेखाबाईंच्या कापऱ्या अक्षरात होते. पहिल्या दिवशीच शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: "थर्मामीटर खाली सरकवला आहे. यांना विचारायचं नाही." त्यानंतर प्रत्येक आकड्यापुढे न चुकता: "दिसतात ३००. खरे २००."

देवदत्तराव रिकाम्या खाटेवर बसून लहान मुलासारखे रडले. समोर काटा चढत साडेतीनशेवर स्थिरावला होता. डोळे पुसून त्यांनी वहीत ३५० लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: "खरे."