आसरांचा काठ

मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे माझं लिहिणं माझ्या गावच्या, देवगावच्या मंडळींनी वाचावं, असं म्हणायलाही संकोच वाटतो. तरी शेंद्र्याकडचा तो दिवस सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा दत्ता मला सुट्टीत शेंद्र्याजवळच्या त्याच्या गावी घेऊन गेला. कारखान्यांच्या भिंती संपल्या आणि बसमधून एक काळा डोंगर दिसला. जवळ गेल्यावर कळलं, ती दत्ताच्या बागायती रानाची वरची माती होती, खरवडून रचून ठेवलेली. तिच्यावर तूर उगवली होती. दुष्काळात विहीर आटली, तेव्हा त्यांनी ते रान मुरूम (रस्त्याखाली घालतात ती भरड माती) काढायला दिलं. शहराचे नवे रस्ते त्या मुरमावर झाले. आता खोदकाम संपलं होतं. ठेकेदारानं काठ उतरते करून दिले होते. काळी माती परत पसरून तिथं पाणथळ करायची, असं ठरलं होतं. पाणी तेवढं यायचं होतं.

दत्ताच्या आईनं, सोजरमावशींनी, तुरीच्या शेंगा उकडून दिल्या. त्यांच्या गोठ्यात पोत्यावर शेंदूर लावलेले सात गोटे होते. त्या आसरा (पाण्याच्या देवी). खोदकामात विहीर मोडली तेव्हापासून त्या तिथंच होत्या. आसरांनी पाण्याच्या काठी बसावं, गोठ्यात नाही. मावशींना त्याचाच घोर लागला होता.

"तू शिकलेला हाईस लेकरा," त्या म्हणाल्या. "सांग, पाणी कुठवर येईल?"

"माय, त्यो इतिहास शिकतो," दत्ता हसला.

"मग जुनं पाणी कुठवर व्हतं, ते तरी ठाऊक असंल."

आम्ही तिघं खाणीत उतरलो. तळाशी वारा नव्हता. ढगांच्या सावल्या मुरमावरून संथ सरकत होत्या. पुढं कधीतरी होणाऱ्या तळ्याच्या तळाशी मी चालत होतो. वरून बगळे गेले, ते पाण्यावर तरंगत चालल्यासारखे वाटले. तेवढ्यात माझी चप्पल तुटली. अनवाणी उतार चढू लागलो आणि एका जागी पायाला माती गार लागली. "इथवर," मी म्हणालो. का, ते मलाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी सातही गोटे पाटीतून नेऊन तिथं मांडले. कोरड्या खड्ड्याला काठ कसला, म्हणून शेजारी हसले. मी बसमध्ये बसलो, पण मन लागेना. माझ्या एका शब्दावर त्यांनी देव उन्हात बसवले होते.

पुढचा पावसाळा कोरडाच गेला. दत्ता गावाहून आला की मी बाकी सगळं विचारायचो, पाण्याचं तेवढं टाळायचो.

यंदा मात्र पाऊस झाला, आणि काल दत्ताचा गावाहून फोन आला. तळं भरलं होतं, माझ्या जागेच्याही वर. आसरा पाण्याखाली गेल्या होत्या आणि मावशी उतारावर बसून पाण्यातच हळदकुंकू सोडत होत्या. फोनमध्ये मागून त्यांचा आवाज ऐकू आला.

"त्याला म्हणावं, चुकलास. पण लई बरा चुकलास."