थेल्माबाईंचं दोन पानी मरण

थेल्मा रॅटक्लिफला अख्खं इंग्लंड ओळखायचं, नावानं मात्र कुणीच नाही. सॅल्फर्डच्या बाजारात बायका तिला थांबवून विचारत, "तुम्ही आमच्या दातांच्या डॉक्टरकडे असता ना?" सेहेचाळीस वर्षं टीव्हीवर राबलेल्या बाईला हे विचारायचं! अकरा घरमालकिणी, नऊ नर्स, आणि पोलिसांना दार उघडून "मी बाई काही ऐकलं नाही" म्हणणाऱ्या शेजारणी किती, ते तिलाही आठवत नव्हतं. गेली बावीस वर्षं ती संध्याकाळच्या एका मालिकेत लाँड्रीवाली होती. पुढे नायक-नायिका भांडायची आणि मागे ही चादरींच्या घड्या घालायची.

एक दिवस नवा निर्माता क्रिस्पिन तिला बोलावून गोड हसला. निर्माता गोड हसला की म्हातारे नट सामान आवरायला लागतात.

"थेल्मा, तुमचं पात्र संपवायचंय. एक तर टॅक्सीत बसून स्पेनला बहिणीकडे जा, न बोलता. नाहीतर दवाखान्यात मरा. मरताना दोन पानं बोलायला देतो."

टॅक्सीत बसलेलं पात्र परत आणता येतं, पुरलेलं नाही, हे या धंद्यात काल आलेल्यालाही कळतं. एजंट बर्नी फोनवर ओरडलाच, "अगं, टॅक्सी घे! येत्या नाताळात परत आणतील तुला. मुकाट्यानं बस!"

"बावीस वर्षं मुकाट्यानंच होते रे," थेल्मा म्हणाली. "मला दोन पानं हवीत."

महिनाभर ती चहाच्या किटलीपुढे मरत होती. चित्रीकरणाला एका दमात दोन्ही पानं म्हटली. दिवेवाल्यांनी नाकं पुसली. त्या दिवशी ती राणीच्या तोऱ्यात घरी आली.

तो भाग लागणार त्या संध्याकाळी तिनं आपली खरीखुरी बहीण मेविस आणि दोन शेजारणी बोलावल्या. काकडीचे सँडविच, शेरी, सगळा थाट. पडद्यावर लाँड्रीवालीनं तोंड उघडलं, "मला एवढंच सांगायचंय," आणि कॅमेरा उशाशी बसलेल्या देखण्या डॉक्टरकडे वळला. वळला तो तिथेच राहिला. त्याचा एक अश्रू सावकाश नाकापर्यंत आला. व्हायोलिनं सुरू झाली. थेल्माची दोन पानं त्याखाली शेजारच्या खोलीतल्या माशीसारखी गुणगुणत राहिली. कॅमेरा परत आला तेव्हा नर्स तिच्या तोंडावर पांघरूण ओढत होती.

"काय रडतो गं मेला!" मेविसनं डोळे टिपले. "तू काय बोलत होतीस, तेवढं नाही कळलं."

थेल्माला फार लागलं. इतकं, की तिलाही रडू आलं. त्या देखण्यापेक्षा ती कितीतरी चांगली रडली, पण सगळ्या पडद्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी बर्नीचा फोन. "खूश आहेत तुझ्यावर! तीन भागांची खुनाची मालिका आहे, तिन्ही भागांत तू."

"कोण?"

"प्रेत."

"मरायच्या आधी काही बोलते?"

"अगं, तू सापडतेस तिथूनच सुरुवात!"

थेल्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग हळूच म्हणाली, "चेहरा दिसेल?"

"शवागारातल्या टेबलावर, वर मोठा दिवा. सगळे पोलीस वाकून बघतात."

"मग घे," ती म्हणाली. "आणि त्यांना सांग, डोळे उघडे ठेवून मरेन."