अर्धी प्रदक्षिणा

माझी पत्नी वारली तो मंगळवार होता. सकाळी दवाखान्यात ती म्हणाली, "त्या पडक्या देवळात नारळ बोलली होती मी. तेवढा फोडून या." मी हो म्हणालो. कोणतं देऊळ, हे विचारायचं राहिलं. दुपारी ती गेली.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही मेहकर-लोणारच्या बाजूची चार पडकी हेमाडपंती देवळं पाहिली होती. हौस माझी. पुस्तकातलं वर्णन आणि समोरचे खांब मी ताडून पाहायचो, ती मागून पिशवी सांभाळत यायची. देवाशी माझं बोलणं नव्हतं आणि ती काय बोलत असे, ते मी कधी ऐकलं नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर खण-नारळ घेऊन निघालो. बाईमाणसाचा नवस म्हणजे देवीचाच, असं मी धरून चाललो होतो. पहिल्या तीन देवळांतून नारळ तसाच परत आणला. मनाला कुठलीच खूण पटेना. चारही ठिकाणी एकेक फोडून मोकळे व्हा, असं मुलगी फोनवर म्हणाली. पण पत्नीनं एकच बोलला होता. मग उरलेले तीन कशाचे?

चौथं देऊळ मेहकरपासून पुढे, सोयाबीनच्या वावरांपलीकडे आहे. शिखर नाही, गाभाऱ्यात मूर्ती नाही, नुसता दगडमातीचा ढीग. हे देवीचं की आणखी कुणाचं, काही उमगेना. काय करावं ते न सुचल्यानं मी देवळाभोवती फिरू लागलो. मागच्या भिंतीतून एक दगडी पन्हळ बाहेर आली होती. ती ओलांडायला पाय उचलला, तोच शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं हटकलं.

"भाऊ, तितून पुढं नोका जाऊ. महादेवाची पन्हाळ वलांडत नाहीत. मांगं फिरा."

पाय तिथंच थांबला. मग आठवलं. याच कोपऱ्यावरून माझी पत्नी अर्ध्यातून परत आली होती. खांबाचं माप घेता घेता मी विचारलं होतं, "दमलीस का?" ती नुसती हसली होती. बाकीच्या तीन देवळांत तिनं फेरी घातल्याचं मला आठवत नाही. कदाचित घातलीही असेल, मी पाहिलं नसेल.

म्हातारीनं पिशवीत डोकावून पाहिलं. "महादेवाची वटी भरता काय भाऊ? घरी कोनी सांगणारं नाही काय?"

नाही, म्हणालो. तिनं बांधावरच्या बेलाची डहाळी तोडून माझ्या हातात दिली. आलो होतो त्याच बाजूनं मी मागे फिरलो आणि उंबऱ्यावर नारळ फोडला. एक वाटी तिला दिली.

ही कृपा की माझ्याच आठवणीचा खेळ, हे मला आजही सांगता येत नाही. पत्नीनं काय मागितलं होतं, तेही कळलेलं नाही. एवढंच समजलं की मी चुकीची वस्तू घेऊन, रस्ता न कळता गेलो, तरी मला वेळेवर कुणीतरी थांबवलं. त्यासाठी मी हात जोडतो.

नारळ फुटला. खण घरी आहे, कपाटात, तिच्या साड्यांवर.