साडेबावीस इंचांचं दार

“दाराची क्लिअर रुंदी किती?”

पाटणकरसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. माझा एक फोन कानाला, दुसरा टेबलावर वाजतोय, समोर व्हिसाची एक पार्टी ताटकळलेली. आणि हे शर्टाच्या खिशात स्टीलचा टेप अडकवून उभे.

“साहेब, केबिनचं दार आहे. माणसं त्यातूनच आत जातात,” मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं. माझा स्वभाव तसा आहे, झाँसीत सगळ्यांना माहीत आहे.

“कोणती माणसं, वैशाली?”

मी फोन खाली ठेवला.

खंडेराव गेटपाशी माझं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे, बावीस-तेवीस वर्षं झाली. चारधाम, दुबई, सिंगापूर सगळं केलं. क्रूझ मात्र पहिल्यांदाच विकत होते. झाँसीची चार कुटुंबं, मुंबईहून निघून गोवा, लक्षद्वीप करून परत मुंबई. त्यातलं एक पाटणकरांचं. साहेब कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. मुलगा विनीत, सून रुची, आणि सुधाकाकू.

काकूंना अडीच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत, डोकं तर आमच्या सगळ्यांपेक्षा शाबूत, पण चालणं म्हणजे धरून दोन पावलं. बाकी व्हीलचेअर. काकूंचे पूर्वज कोकणातून इकडे आले त्याला किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक. काकूंनी समुद्र कधी पाहिलेला नाही. साहेब नोकरीभर म्हणत राहिले, रिटायर झालो की जाऊ. रिटायर झाले आणि चार महिन्यांत हे झालं.

त्यात गेल्या वर्षी समथरला एका लग्नात हॉल निघाला पहिल्या मजल्यावर. चौघांनी काकूंना खुर्चीसकट उचललं. कुणीतरी ओरडलं, “भैया, संभाल के, दीवार बचा के!” वर पोचेपर्यंत सगळं वऱ्हाड बघत उभं. काकू जेवल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, यापुढे मला कुणी उचलायचं नाही. आणि त्या दिवसापासून बाईंनी उंबरा ओलांडला नव्हता. क्रूझला तयार झाल्या त्याही ह्याच एका अटीवर. उचलावं लागलं तर तिथूनच परत.

म्हणून दाराची रुंदी.

साहेब कारखान्यात डिस्पॅचला होते. म्हणजे तयार झालेला माल बाहेर पाठवणारा विभाग. माल म्हणजे घराएवढे ट्रान्सफॉर्मर, रेल्वेच्या खास वाघिणीवरून जाणारे. ते मला म्हणाले, “ट्रान्सफॉर्मर बनवणं हे निम्मं काम. तो निघाल्यापासून पोचेपर्यंत वाटेत सगळ्यात अरुंद पूल कुठला, हे आधी शोधायचं. बाकी रस्ता कितीही मोठा असो, त्याचा उपयोग नाही. आता सांग, माझ्या घरापासून तिच्या पलंगापर्यंत सगळ्यात अरुंद जागा कुठली?”

क्लिअर रुंदी म्हणजे काय तेही त्यांनीच समजावलं. दार पूर्ण उघडल्यावर चौकट, बिजागरं आणि दाराची जाडी सोडून जी मोकळी फट उरते ती.

मी मुंबईला क्रूझ कंपनीच्या डेस्कला फोन लावला. तिथल्या फर्नांडिस मॅडमनी अर्ध्या तासानं सांगितलं, “साडेबावीस इंच.” काकूंची व्हीलचेअर पंचवीस.

“पण मॅडम, मी बुकिंगमध्ये व्हीलचेअरवर टिक केलीये!”

“ती टर्मिनलसाठी असते. गेटपासून जहाजापर्यंत खुर्ची मिळते. रुंद दाराच्या केबिन वेगळ्या. मोजक्याच असतात, त्या केव्हाच गेल्या.”

फॉर्मवर दोन वेगळे रकाने होते आणि मी एकच भरला होता. विमानात एकच टिक पुरते, त्या सवयीनं. चूक कंपनीची नाही, पाटणकरांची नाही, शंभर टक्के माझी. साहेबांना सांगताना मला लाज वाटत होती. मी म्हटलं, पैसे परत मिळवून देते, पुढच्या सीझनला रुंद केबिन आत्ताच धरून ठेवते.

ते रागावले नाहीत. “पुढचा सीझन तिला सांगू नकोस,” म्हणाले. “आजवर मी तेच सांगत आलोय. ड्रॉइंग मिळेल का केबिनचं?”

ड्रॉइंग मिळालं. चार दिवसांनी रुचीचा फोन आला. रुची इथलीच, हिंदी घरातली. “दीदी, ज़रा घर आइए. पापाजी ने छत पर जहाज़ बना दिया है.”

गेले. जानेवारीचं छान ऊन होतं. त्यांच्या इमारतीची लिफ्ट थेट गच्चीपर्यंत जाते, तिथे पांढऱ्या खडूनं अख्खी केबिन आखलेली. दार, बाथरूम, पलंग, सोफा, बाल्कनी, सगळं खऱ्या मापात. दाराच्या जागी दोन बांबू उभे केलेले, मध्ये बरोबर साडेबावीस इंच. आणि शेजारी एक नवी खुर्ची. वेल्डरकडून करून घेतलेली, वीस इंच रुंद, चारही चाकं छोटी आणि सीटच्या खालीच. मोठ्या व्हीलचेअरनं दारापर्यंत यायचं, तिथे उठून हिच्यावर बसायचं, आत जायचं. मी कपाळाला हात लावला. हसायला येत होतं आणि कौतुकही वाटत होतं. इतक्या वर्षांत माझ्या एकाही क्लायंटनं सुट्टीवर जायच्या आधी सुट्टीची ट्रायल घेतलेली नाही.

“हसू नकोस,” काकू म्हणाल्या. “सकाळपासून मी तीनदा बोटीत चढलेय.”

विनीतनं खुर्ची ढकलली. बांबू हलले नाहीत. साहेबांनी वहीत टिक केली. पलंगापाशी आल्यावर काकू म्हणाल्या, “थांबा. हे चुकलंय.”

“मापं बरोबर आहेत,” साहेब म्हणाले.

“मापं असतील. पलंग माझ्या डाव्या हाताला आलाय. डावा हात कुठाय माझा? मला उजव्या हातानं धरून उजवीकडे वळता येतं. पलंग तिकडे हवा.”

साहेबांनी ड्रॉइंग पुन्हा उघडलं. अडीच वर्षं तिची सेवा करणाऱ्या ह्या माणसाला ते सुचलं नव्हतं, मला तर बापजन्मात सुचलं नसतं.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी मीही त्याच आठवड्यात शिकले. जहाजावर शेजारशेजारच्या दोन केबिनींची बाथरूम बहुधा पाठीला पाठ लावून असतात, पाण्याचे पाइप एकच पुरावेत म्हणून. त्यामुळे एक केबिन दुसरीच्या बरोबर उलटी असते. एकीत पलंग डावीकडे, तर शेजारच्या केबिनीत उजवीकडे. भाडं तेच, फोटो तोच, आणि कुणी कधी विचारत नाही.

मी पुन्हा फर्नांडिस मॅडमना फोन लावला. “आमची केबिन बदला. शेजारची द्या.”

“मॅडम, कॅटेगरी सेम आहे. काहीच फरक नाही.”

“फरक आहे. ती उलटी आहे.”

“शेजारी ऑलरेडी कपल बुक्ड आहे.”

“मग त्यांना विचारा. त्यांना डावं-उजवं काय करायचंय? दोन्ही हात धड आहेत ना त्यांचे?”

मग त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या आईलापण लेफ्ट साइडच आहे. बघते मी.” संध्याकाळपर्यंत नंबर बदलून आला आणि साहेबांनी गच्चीवरची केबिन पुसून उलटी आखली. त्या बाईंना मी आजही दिवाळीला न चुकता फोन करते.

रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या साहेबांनी आधीच बाद केल्या होत्या. पाटणकर कारनं निघाले, दोन दिवस, मध्ये इंदूरला मुक्काम. गाडीच्या सीटवरून व्हीलचेअरवर काकू स्वतः सरकतात. बाकीची तीन कुटुंबं माझ्याबरोबर ट्रेननं. त्यांना मी बजावलं होतं की घरचं खाणं, इस्त्री, किटली काही न्यायचं नाही, औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा केबिनमध्ये उशिरा पोचतात. तरी टर्मिनलवर एकीच्या बॅगेतून किटली निघाली आणि दुसरीच्या पिशवीतून अडीच किलो बेसनाचे लाडू. लाडू मग आम्ही सगळ्यांनी तिथेच उभ्याउभ्या संपवले. सिक्युरिटीवाल्यानंही दोन घेतले.

टर्मिनलचा उतार सोपा निघाला. जहाजाची लिफ्ट प्रशस्त. साहेब प्रत्येक दारापाशी टेप काढत होते आणि मान हलवत होते. सगळं वहीतल्यासारखं. मोठ्या व्हीलचेअरवरून काकू केबिनच्या दाराशी आल्या, उठल्या, छोट्या खुर्चीवर बसल्या. विनीतनं ढकललं.

खुर्ची जागची हलली नाही.

गच्चीवर सिमेंट होतं. इथे जाड गालिचा, आणि दारात एक धातूची बोटभर उंच पट्टी. छोटी चाकं गालिच्यात रुतली आणि पट्टीला अडली. विनीतनं जोर लावला तर खुर्ची पुढे कलंडायला लागली. मागे ओढली, पुन्हा लावली. नाही. साहेब गुडघ्यांवर बसून चाकं बघत होते. “गालिचा,” ते पुटपुटले. “फ्लोअरिंग मी विचारलंच नाही.”

मागे कॉरिडॉरमध्ये बॅगा घेऊन माणसं खोळंबली. दोन तरुण स्टुअर्ड धावत आले. हसतमुख, मदतीला तयार. “नो प्रॉब्लेम मॅम, हम उठा देते हैं. टू सेकंड्स.” एकानं खुर्चीच्या हातावर हात ठेवलासुद्धा.

आता ह्या म्हणणार, परत चला. आणि ह्या सगळ्याची सुरुवात माझ्या एका टिकेपासून.

काकूंनी उजवा हात वर केला. “नहीं भैया. आप लोग पीछे हटिए.” मग म्हणाल्या, “रुची.”

रुची पुढे आली. तिनं हात धरला नाही. ती फक्त केबिनच्या आत जाऊन, तोंड काकूंकडे करून उभी राहिली. “आइए मम्मीजी. रोज़ जैसा.”

काकू उठल्या. उजव्या हातानं चौकट धरली. उजवा पाय पट्टीपलीकडे टाकला. डावा पाय कमरेतून ओढून आणला, अडला, पुन्हा उचलला, ओलांडला. मग भिंतीचा आधार घेत एक पाऊल. दुसरं. श्वास घेतला. तिसरं. सातव्या पावलाला पलंग आला, उजव्या हाताला. काकूंनी त्यावर हात टेकला आणि बसल्या.

मी रडले. सरळ सांगते, भोकाड पसरायचंच बाकी होतं.

साहेब अजून दारात गुडघ्यांवरच. “दोन पावलं होती,” ते म्हणाले. “फिजिओच्या कागदावर दोन आहेत.”

“तो कागद दिवाळीचा,” काकू म्हणाल्या.

मग कळलं. “दुपारी तुम्ही खुर्चीत सुधारणा करून घ्यायला वेल्डरकडे जायचात तेव्हा मी आणि रुची गच्चीवर असायचो,” काकूंनी साहेबांना सांगितलं. “तुमच्याच खडूच्या केबिनमध्ये.” रुचीनं दारात फरशीचा तुकडा ठेवला होता, ठेच लागू नये म्हणून पाय उचलायची सवय व्हायला. पहिल्या दिवशी तीन पावलं. निघायच्या आदल्या दिवशी आठ. ज्या बाईनं फिजिओला दोन वर्षं दाद दिली नव्हती, तिनं पलंग कुठे आहे हे खडूनं आखलेलं दिसल्यावर चालायला घेतलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?” साहेबांनी विचारलं.

“तुम्ही मोजत बसला असता. मोजायला कुणी लागलं की माझा पाय उचलत नाही.”

साहेब उठले, वही मिटून खिशात घातली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलले ते मला माहीत नाही. मी दार लोटून घेतलं.

जहाज सुटलं तेव्हा रुचीनं मला बोलावलं. काकू बाल्कनीच्या खुर्चीवर होत्या. खाली बंदराचं मातकट पाणी. “हाच का तो?” काकू म्हणाल्या. “हा तर आपल्या बेतवा नदीपेक्षा गढूळ आहे गं.” दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र निळं पाणी आलं तेव्हा त्या नाश्त्यालाही आल्या नाहीत. रुची प्लेट घेऊन वर गेली.

सगळंच जमलं असं नाही. लक्षद्वीपला जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरावं लागतं. ती बोट पाण्यावर हलत असते, तिथे व्हीलचेअर नेत नाहीत. काकू त्या दिवशी डेकवरच राहिल्या, साहेबही. ती वेल्डरची खुर्ची आता पाटणकरांच्या स्वयंपाकघरात आहे. तिथे लादी आहे, मस्त चालते.

त्यानंतर मी पाच क्रूझ ग्रुप नेले. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबांना माझं ठरलेलं भाषण असतं. दाराची रुंदी आणि उंबरे आधी विचारा, फरशी की गालिचा ते विचारा, केबिन सुलटी की उलटी ते बघा, लाडू नेऊ नका. हे सगळं मला एका रिटायर माणसानं फुकटात शिकवलं. असा क्लायंट मिळायला नशीब लागतं.

आणि भाषण झालं की मी घरातल्या बाकीच्यांना दोन मिनिटं गप्प बसायला सांगते. मग जी व्यक्ती खुर्चीत बसलेली असते तिलाच विचारते, तुम्हाला काय काय जमतं? बहुतेक वेळा उत्तर ऐकून घरचेच चकित होतात.