जोत्यावरचा गेरू

आमच्या जुन्या घराच्या भिंतींना मागच्या वर्षी बाहेरून ऊन अडवणारा थर दिला आणि यंदा जोत्याला काळा दगड लावला. शिंतोड्यांनी दर पावसाळ्यात तिथलाच गिलावा सुटायचा. दिवाळीआधी आई तो लिंपून गेरू द्यायची.

आज सकाळी बघतो तर आई अंगणात गेरूची वाटी घेऊन बसलेली आणि नवा दगड अर्धा तांबडा.

“आता नाही लागत गं याला,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे,” हात न थांबवता ती म्हणाली. “इतकी वर्षं सगळा चिखल त्यानं झेलला. दगड लावला म्हणून त्याची दिवाळी चुकवायची का?”

उंबऱ्याला आपण हात लावून नमस्कार करतो. जोत्याला आपले फक्त पाय लागतात. मी दुसरा बोळा गेरूत बुडवला आणि आयुष्यात पहिल्यांदा जोत्यापुढे गुडघे टेकले.