आत्याबाईंनी न उसवलेल्या दोन ओळी

आत्याबाई गेल्या महिन्यात, मंगळवारी गेल्या. कर्जतहून फोन आला तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होते.

माझ्या नवऱ्याच्या या थोरल्या आत्याला पृथ्वीवर एकही काम नीट झालेलं कधी आढळलं नाही. एसटी मागं घेताना ड्रायव्हरला त्या खिडकीतून डोकं काढून शिकवायच्या. लग्नात नवरीच्या ब्लाउजची शिवण बोटानं ताणून बघायच्या आणि अक्षता पडायच्या आत आख्ख्या मांडवाला शिंप्याचं नाव कळायचं. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला म्हणाल्या, "सुई धरायला कुनी शिकवलं रं दादा? पोतं शिवतो का काय?" डॉक्टर हसला. पुढच्या खेपेला त्यानं नर्सला पाठवलं.

सुईबद्दल बोलायचा मात्र त्यांना हक्क होता. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून, कडेनं सुरुवात करून त्या आत आत शिवत जायच्या, आणि टाके ज्वारीच्या दाण्यांसारखे सारखे. माझी आई गेल्यावर तिच्या साड्यांची गोधडी आपल्या हातानं शिवायची, म्हणून मी दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले.

"मास्तरीनबाई, हे टाकं हायेत का मुंगळं चाललेत वारुळाला?" असं म्हणत त्या ब्लेडनं ओळ उसवायच्या. मी शिवायचं, त्यांनी उसवायचं. चार महिन्यांत गोधडी वीतभर सरकली. एकदा शेजारणींसमोर म्हणाल्या, "यम्मे झाली म्हनं. धा बोटं हायेत, पर एकाला बी अक्कल न्हाई." बायका हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन भांडी आपटली.

त्याच आठवड्यात मी आमच्या गल्लीत गोधड्या शिवून देणाऱ्या बाईकडून दोन ओळी घालून घेतल्या. वर्गात एकानं दुसऱ्याचा गृहपाठ लिहून दिला, तर अक्षरावरून मी लगेच ओळखते. टाक्यालाही ज्याचं त्याचं अक्षर असतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी आत्याबाईंनी गोधडी मांडीवर घेतली. त्या दोन ओळींवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. माझ्याकडे एकदा पाहिलं. ब्लेड शेजारीच होतं, पण त्यांनी ते उचललं नाही.

"बरं झालंय," म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.

पुढे वर्षभर मी जात राहिले. मुद्दाम वाकडे टाकेही घातले. "चांगलं हाय की," त्या म्हणायच्या, पाहुण्यांना म्हणावं तसं. ड्रायव्हर, डॉक्टर, सुना, सगळ्यांना त्या बोलतच होत्या. फक्त मला बोलेनाशा झाल्या. दर रविवारी मी खरं सांगायचं ठरवून निघायचे आणि चहा पिऊन परत यायचे.

दहाव्यानंतर त्यांच्या सुनेनं सुयांचा डबा माझ्या हातात ठेवला. "तुमालाच द्या म्हनल्या हुत्या," ती म्हणाली. ब्लेड त्यातच होतं.

काल मी त्या दोन ओळी उसवल्या. आईची साडी फाटू नये म्हणून सावकाश. तिथे आता माझे टाके आहेत, मुंगळ्यांसारखे. गोधडीचा मधला हातभर भाग शिवायचा राहिला आहे.