कलावतीचा मुराळी

शेवटचं काम आम्ही दोघांनी केलं ते हरभऱ्याचे ढाळे सोलायचं. लातूरच्या खोलीत. ती खाटेवर, मी खाली, मधी जर्मलचं पातेलं. तिच्या बोटात जोर न्हवता. एक घाटा फोडायला ती लावी तेवढ्या येळात माझे पाच व्हायचे. तरी पातेल्यात दाणे तिचेच जास्त.

"अण्णा, सोलायलास का खायलास?"

"कवळे हायेत का बघायलो."

"तूच सगळे बघू नको. पातेल्यालाबी बघू दे."

निम्मे ढाळे झाले आन ती दमली. "राहू दे, उद्या करू," म्हणली. सकाळी मी चहा घेऊन उठवाय गेलो तर कलावती गेलेली. माझी धाकटी बहीण. चहा हातात तसाच, आन कोपऱ्यात उद्याचे ढाळे तसेच.

गावात राहिलेल्यांनो आन गावातून गेलेल्यांनो, तुमच्यासाठी हे लिहायलो. मी चौथीतून शाळा सोडली, अक्षर वाकडं हाय, गोड बोलायला येत न्हाई. पण मला पुसतात, म्हाताऱ्या, बायको मेली तरी घर सोडलं न्हाईस, पोरानं पुण्याला दहादा बोलावलं तरी गेला न्हाईस, मग लातूरला काय खोली करून राहिलास? त्याचं हे उत्तर.

उदगीरजवळ आमचं गाव. महादेवी, माझी बायको, तिथंच शेतात मातीत हाय. मी म्हणायचो, ह्या उंबऱ्याबाहेर मी आता आडवाच निघंन. मग एक दिवस देगलूरहून कलावतीचा फोन आला. तिचा नवरा वारलेला, लेकरू न्हाई, एकटी किराणा दुकान चालवायची. म्हणली, "अण्णा, पंचमीला येळ हाय, पण औंदा मुराळी म्हणून जरा आधीच ये." जन्मभर तिला पंचमीला माहेरी न्यायला मीच गेलो. पण आवाजावरून कळलं, हे सणाचं बोलावणं न्हाई. छातीत गाठ होती. किती दिवस अंगावर काढली देव जाणे.

मी गेलो. तिनं दुकान बंद केलं, शेजारणीला तेलुगूत काही सांगितलं, दोघी हसल्या. पिशवी उचलली तर हलकी. दरवर्षी पिशवीत शेंगदाण्याच्या पोळ्या असायच्या, ह्या टायमाला नुसते रिपोर्ट. उदगीरच्या स्टँडवर उतरलो तर आमच्या गावची गाडी लागलेली. दारातून कंडक्टरनं वळखून हाक मारली, "मामा, या, जागा हाय!" कलावती त्या गाडीकडं बघत राहिली. मी तिचा दंड धरला आन लातूरच्या गाडीत बसवलं.

माय म्हणायची, मुराळ्यानं वाटंत कुठं थांबू न्हाई, लेकीला थेट उंबऱ्यात आणून उभी करावी. मी वाटंत थांबलो. बरी हो, मग पंचमीला नेतो, असं तिला म्हणलो. ती पंचमी गेली, पुढली बी गेली.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर खोली घेतली. गावात माझ्या दारात उभं राहिलं की पार तळ्यापस्तोर दिसतं. इथं खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसायची. जन्मभर खरीप, रब्बी, पाळी, पेरणी हे माझे शब्द. इथं केमो, सलाईन, प्लेटलेट, स्कॅन तोंडात बसले. भाकरी थापायला शिकलो. तिनं खाटेवरून शिकवलं. पहिली भाकरी बघून म्हणली, "ही भाकरी हाय का कर्नाटकाचा नकाशा?" केमोनं तिचे केस गेले. माझ्या डोक्यावर तर आधीच काही न्हवतं. तिनं एका आरशात दोघांचं तोंड बघितलं. "आता कुणीबी म्हणंल, सख्खे हायेत."

ती हसायची तेव्हा मला वाटायचं, जिंकलो.

मग शेक सुरू करायचे ठरले. लाईटचे, मशीनमधले. पहिल्याच दिवशी मशीनवरली पोरगी म्हणली, "आजी, गळ्यातलं काढून ठेवा." गळ्यात काय होतं? चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. आम्हा लिंगायतात लेकरू तान्हं असतानाच ते बांधतात, आन माणसाबरोबरच मातीत जातं. ते अंगावर नसलं तर आमच्या घरात पाण्याचा घोट घेत न्हाईत. आन एकाचं दुसरा हातात घेत न्हाई. नेमकं ते छातीवर, नेमके शेक छातीवर.

कलावती म्हणली, "मुंडकं काढून देते. हे न्हाई." आन गाऊन घालून तशीच बाहेर आली. बाहेरच्या बाकड्यावरची माणसं बघायला लागली.

मी म्हणलो, मठात फोन लावतो, स्वामींना पुसतो.

"स्वामींना काय पुसतोस? गाठ माझ्या छातीत हाय का त्यांच्या?"

"मग मर."

"मरते."

आमचं भांडण असंच असायचं. पण आतली पोरगी दुसऱ्याचं नाव पुकारायला लागली. मी खाली बसलो, तिच्या पायापाशी. म्हणलो, कले, आपण एका मायचं दूध प्यालो. माझ्या तळहातावर राहिलं तर ते तुझ्याच अंगावर हाय. तू बाहेर येईपर्यंत मी हलत न्हाई, बोलत न्हाई, पाणी पीत न्हाई. तुला जे बंधन ते मला.

मग म्हणली, "हात दाखव." मी दाखवला. बोटं तंबाखूनं पिवळी. "तंबाखूच्या हाताला मी देत न्हाई."

मिसरूड फुटायच्या आधीपासून मी तंबाखू खायचो. महादेवी सांगून सांगून थकली, मेली, पण माझी चंची सुटली न्हाई. त्या दिवशी दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात चंची टाकली, नळाखाली साबणानं हात घासला, आन डावा तळहात तिच्यापुढं धरला. डावाच, पूजेला धरतात तो. तिनं डबी ठेवली, माझी बोटं मिटवली, वरून टॉवेल टाकला. "सांडू नको," म्हणली. जसं काय दूध हाय.

पुढं शेक होते तोवर रोज असंच. ती आत, मी बाकड्यावर मूठ मिटून. डोळ्यावर माशी बसली तरी हललो न्हाई. एकदा निलंग्याकडली एक बाई म्हणली, "आजोबा, मुठीत एवढं काय जपून धरलंय?" कलावती दारातून बाहेर आलीच होती, म्हणून मला बोलायची मुभा होती. मी म्हणलो, "बहीण हाय."

बाहेर आली की ती आधी डबी गळ्यात घाली, मग पाणी पिई, मग बाटली मला देई. मग म्हणायची, "चल, घरी." पहिल्यांदा मला वाटलं ती गावाचं बोलायली. ती खोलीचं बोलायली होती. त्या खोलीला मी कधी घर म्हणलो न्हवतो.

शेक संपले. बरी दिसायली. भाजीवाल्याशी भांडायला लागली म्हंजे बरीच की. मी गावाकडं फोन करून ओसरी सारवाय सांगितलं. पण नव्या स्कॅनमधी आजार हाडात उतरलेला निघाला. मोठ्या डॉक्टरनं मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. माणूस खांद्यावर हात ठेवतो तेव्हा आत काही राहिलेलं नसतं. "आता घरी न्या," म्हणले.

गल्लीच्या तोंडाशी मी तिला पुसलं, "गावाकडं नेऊ? मुराळी हाय मी, तुला आणायला निघालोय, अजून वाटंतच हाय."

ती खोलीच्या जिन्याकडं बघून म्हणली, "आधी इथं. तिथं नेशील तेव्हा मला हिसके कळणार न्हाईत, ते बरं." मग म्हणली, "आन ने मात्र. देगलूरला नको. मायच्या शेजारी."

तसंच झालं. तिच्या दिरानं फोनवर हो म्हणलं. गाडीत तिच्या शेजारी बसून मी उदगीर ओलांडलं. घर आलं तेव्हा चार माणसांनी तिला ओसरीवर बसवलं, विभूत लावली. आमच्यात मातीबी बसवूनच देतात. मायचं ऐकलं मी, उंबऱ्यात आणली, पण उभी न्हाई करता आली. दिवस मावळायच्या आत शेतात तिला मातीत बसवलं. स्वामींनी गळ्यातली डबी काढली आन लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटत न्हवती. मी खाली उतरलो आन मिटवली. तिनं माझी मिटवली होती तशीच, अंगठा वर. "सांडू नको," म्हणलो. कुणाला ऐकू गेलं असंल तर असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच घरात जाग आली. माळवद तेच, ओसरी सारवलेली. मी अंघोळ केली, माझं लिंग हातावर घेऊन पूजा केली, पाणी प्यालो. घर मोकळं मोकळं. शेजारचा बसप्पा चहा घेऊन आला तर मी चपला घालायलो.

"कुठं रे?"

"घरी जाऊन येतो."

"घरी? मग हे काय हाय?"

पहिल्या गाडीनं निघालो.

खोलीचं कुलूप काढलं. चहाचा कप होता तिथंच, त्याच्यावर साय धरलेली. कोपऱ्यात राहिलेले ढाळे, पाला सुकलेला, घाटे थोडे कडक. मी पातेलं मधी ठेवलं, खाटेकडं तोंड करून खाली बसलो आन सोलायला लागलो. सगळे सोलले. एक बी तोंडात टाकला न्हाई.